सन १८१४ : बंदिवान पोप आणि पदच्युत सम्राट

दरवर्षी २४ मे रोजी ख्रिस्ती जनांची साहाय्यकर्ती पवित्र मरिया हिचा सण साजरा होतो. सलेशियन धर्मगुरूंच्या शाळांतून आणि धर्मग्रामांतून तो मोठ्या थाटात होतो, त्यामुळे हा डॉन बॉस्को यांनीच सुरू केलेला सण असावा असा अनेकांचा समज असतो. वास्तविक डॉन बॉस्को यांचा जन्म ऑगस्ट १८१५ मधला आणि सणाची स्थापनाही त्याच वर्षीची. तारीख मात्र त्याच्या आदल्या वर्षाची आहे. २४ मे १८१४ रोजी पोप पायस सातवे पाच वर्षांच्या बंदिवासानंतर रोममध्ये परतले आणि त्या परतीचे स्मरण म्हणून त्यांनी ही तारीख मातेला अर्पण केली. एवढे सांगितल्यावर पुढचा प्रश्न ओघानेच येतो : पोप महोदयांना कैद केले कोणी, आणि सोडवले कोणी? त्याचे उत्तर देताना १८१४ हे सबंध वर्षच वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले, कारण जगाच्या आणि ख्रिस्तसभेच्या इतिहासात इतक्या उलथापालथी एकाच वर्षात क्वचितच झाल्या असतील.

बार्नाबा किआरामोन्ती हे पोप पायस सातवे यांचे मूळ नाव. ते बेनेडिक्टाईन संघाचे व्रतस्थ होते. स्वभावाने मृदू, आवाजाने हळुवार आणि राजकारणात फारसा रस नसलेले. त्यांच्या आधीचे पोप पायस सहावे १७९९ मध्ये फ्रेंचांच्या कैदेतच मरण पावले होते, आणि आता नवा पोप होणारच नाही असे युरोपातील कित्येक शहाणे उघडपणे बोलत होते. रोममध्ये निवडणूक घेणे अशक्य असल्याने कार्डिनल व्हेनिसच्या एका मठात जमले व मार्च १८०० मध्ये त्यांनी या बेनेडिक्टाईनाची निवड केली. पुढच्याच वर्षी नव्या पोपनी नेपोलियनशी करार केला, त्यामुळे क्रांतीत उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समध्ये पुन्हा उघडपणे उपासना सुरू झाली. २ डिसेंबर १८०४ रोजी पॅरिसच्या नोत्रदाम मंदिरात नेपोलियनच्या राज्याभिषेकासही ते हजर राहिले. मुकुट मात्र नेपोलियनने स्वतःच्या हातांनी डोक्यावर चढवला. त्या एका कृतीतून पुढचे सारे समजून यावे.

नेपोलियनला पोप हवे होते, पण आपल्या दरबारातले. इंग्लंडविरुद्धच्या व्यापारबंदीत पोपच्या राज्याने सामील व्हावे, त्याचे शत्रू ते पोपचेही शत्रू व्हावेत, अशी त्याची मागणी होती. पोपनी ती नाकारली. तेव्हा मे १८०९ मध्ये त्याने पोपचे राज्य आपल्या साम्राज्यास जोडले, आणि पोपनी जूनमध्ये हे राज्य हिरावणाऱ्या सर्वांवर धर्मबहिष्काराचे फर्मान काढले. ५ जुलैच्या रात्री जनरल रादे याच्या शिपायांनी शिड्या लावून किरिनाल राजवाड्यात प्रवेश केला. पहाटे ज्या गाडीत पोप व त्यांचे सचिव कार्डिनल पाक्का यांना बसवण्यात आले तिचे दरवाजे बाहेरून कुलूपबंद होते. वाटेत दोघांनी खिसे चाचपले तेव्हा जेमतेम काही नाणी निघाली, आणि ते पाहून दोघांनाही हसू आवरेना, असे पाक्का यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे.

इटलीच्या किनाऱ्यावरील सावोना येथे पोपना जवळजवळ तीन वर्षे ठेवण्यात आले. सल्लागार नाहीत, पत्रव्यवहारावर पहारा, शेवटी कागद आणि शाईसुद्धा काढून घेतलेली. अशा स्थितीत त्यांच्या हाती एकच साधन उरले होते : नकार. फ्रान्सशी झालेल्या करारानुसार बिशपांची नावे सम्राटाने सुचवावयाची, पण त्यांना अधिकार द्यावयाचा तो पोपनी. पायस सातवे यांनी तो देण्याचे थांबवले. एकेक धर्मप्रांत बिशपाविना रिकामा पडू लागला. ज्याच्या फौजा मॉस्कोपर्यंत जाऊ शकत होत्या त्याला सावोनातील एका वृद्ध व्रतस्थाकडून सही मिळत नव्हती!

याच काळातली एक गोष्ट आम्हांस विशेष हृद्य वाटते. कोरियातील ख्रिस्ती समाजाचा एकमेव धर्मगुरू १८०१ च्या छळात मारला गेला होता. दहा वर्षे धर्मगुरूविना काढल्यावर १८११ मध्ये तेथील श्रद्धावंतांनी पोपना पत्र लिहिले : आमच्यासाठी धर्मगुरू पाठवा. ज्यांना उद्देशून ते पत्र होते ते स्वतःच त्या वेळी कैदेत आहेत, हे त्या बिचाऱ्यांना कोठून ठाऊक असणार!

१८१२ च्या जूनमध्ये आजारी पोपना पॅरिसजवळील फाँतेनब्लोच्या राजवाड्यात हलवण्यात आले. आल्प्स पर्वत ओलांडताना त्यांची प्रकृती इतकी ढासळली की त्यांना अंतिम अभ्यंग देण्यात आला. जानेवारी १८१३ मध्ये रशियातून पराभूत होऊन परतलेला नेपोलियन स्वतः तेथे येऊन बसला, आणि थकलेल्या पोपनी २५ जानेवारीस एका करारावर सही केली. ती सही म्हणजे अधिकारावर पाणी सोडणेच होते. पोपना त्याचा असा पश्चात्ताप झाला की काही दिवस ते मिस्सा अर्पण करण्यासही धजेनात. पुढे पाक्का आणि कोन्साल्वी हे दोघे कार्डिनल त्यांच्याजवळ येऊ शकले. खोल्यांची झडती होत असल्याने पोपनी स्वतःच्या हाताने, रोज थोडे थोडे करून, सम्राटाला पत्र लिहिले आणि २४ मार्च रोजी आपली सही मागे घेतली. संतचरित्रांच्या धर्तीवर लिहिणारे काही लेखक हा प्रसंग गाळतात. आम्हांस तो गाळावासा वाटत नाही. संत पेत्राच्या वारसाची कथा कोंबड्याच्या आरवण्याशिवाय पुरी होत नाही.

आता १८१४ साल उजाडते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्या फौजा फ्रान्सच्या भूमीत शिरल्या होत्या. नेपोलियनने पोपना राज्याचा काही भाग परत देऊ केला, परंतु जे चोरीस गेले आहे त्यासाठी तह कसला, अशी पोपची भूमिका होती. २३ जानेवारी रोजी त्यांना फाँतेनब्लोतून बाहेर काढण्यात आले आणि दक्षिण फ्रान्समधून लांबच्या वाटेने पुन्हा सावोनाकडे नेण्यात आले. गाडी ज्या गावातून जाई तेथे लोक रस्त्यावर गुडघे टेकून बसत. मार्चमध्ये त्यांची सुटका झाली. ३१ मार्च रोजी मित्रराष्ट्रांच्या फौजा पॅरिसमध्ये दाखल झाल्या, आणि ६ एप्रिल रोजी नेपोलियनने राजत्यागाच्या लेखावर सही केली. कोठे? त्याच फाँतेनब्लोच्या राजवाड्यात! पोप तेथून निघून अवघे अडीच महिने झाले होते. ४ मे रोजी सम्राट एल्बा बेटावर उतरला, आणि वीस दिवसांनी पोप रोमच्या वेशीतून आत आले. रोमच्या तरुणांनी घोडे सोडून त्यांची गाडी स्वतः ओढली.

रोममधील पहिल्या महिन्यांतील सर्वांत मोठा निर्णय ७ ऑगस्ट रोजी झाला. त्या दिवशी पोपनी गेजू चर्चमध्ये संत इग्नाशियसच्या वेदीवर मिस्सा अर्पण केली आणि येशूसंघाच्या पुनःस्थापनेचे फर्मान जाहीर केले. हा संघ १७७३ मध्ये पोप क्लेमेंट चौदावे यांनी पोर्तुगाल, स्पेन व फ्रान्सच्या राजांच्या दडपणाखाली बरखास्त केला होता. तेव्हा त्याचे सुमारे २३ हजार सभासद होते. पुनःस्थापनेच्या वेळी उरले होते सहाशेच्या आसपास.

पण बरखास्त झालेल्या संघाचे सहाशे लोक उरले तरी कसे? गंमत कायद्याच्या एका बारकाव्यात आहे. बरखास्तीचा आदेश नुसता रोममध्ये निघून भागणारे नव्हते. प्रत्येक ठिकाणच्या बिशपांनी तो तेथील येशूसंघीयांना अधिकृतपणे कळवावयाचा होता. रशियाची सम्राज्ञी कॅथरिन दुसरी हिने आपल्या राज्यात तो जाहीरच होऊ दिला नाही. तिला येशूसंघीयांच्या शाळा हव्या होत्या. परिणामी ऑर्थोडॉक्स सम्राज्ञीच्या छत्राखाली पोलोत्स्क आणि आसपासच्या मठांत येशूसंघ विधिवत जिवंत राहिला. १८०१ मध्ये पायस सातवे यांनी रशियातील संघास उघड मान्यता दिली, १८०४ मध्ये नेपल्सच्या राज्यात. १८१४ मध्ये ती साऱ्या जगासाठी झाली. संघप्रमुख ब्रोझोव्स्की यांना मात्र झारने रशियाबाहेर पडू दिले नाही, त्यामुळे गेजू चर्चमध्ये फर्मान स्वीकारले ते वृद्ध फादर पानिझ्झोनी यांनी.

आपल्या किनाऱ्यावर याचा परिणाम लगेच झाला नाही. वसईच्या किल्ल्यातील येशूसंघीयांचे चर्च, जेथील धर्मगुरूंच्या सहवासात बालक गोन्सालो गार्सिया वाढला, ते १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकल्यापासून सुने झाले होते. १८१४ मध्ये वसई अजून पेशव्यांकडेच होती आणि येथील श्रद्धावंतांची आध्यात्मिक काळजी गोव्याचे धर्मगुरू वाहत होते. खुद्द गोव्यातून १७५९ च्या पोर्तुगीज आदेशाने येशूसंघीयांची हकालपट्टी झाली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ज्या भूमीत बसून ‘ख्रिस्तपुराण’ रचले तेथे त्यांच्या संघाचा एकही सभासद उरला नव्हता. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र शव तेवढे बॉम जेजूच्या मंदिरात होते. पोर्तुगालच्या दरबाराने १८१४ चे फर्मान मानले नाही, तेव्हा गोव्याची दारे बंदच राहिली.

त्या वर्षाच्या बाकीच्या घटना आम्ही धावत्या नजरेने सांगतो. २५ जुलैला इंग्लंडमधील किलिंगवर्थच्या कोळशाच्या खाणीत जॉर्ज स्टीफन्सन याचे पहिले वाफेचे इंजिन तीस टन वजन घेऊन ताशी चार मैलांच्या चालीने निघाले. सुदृढ माणूस त्याच्यापुढे सहज चालत गेला असता. २९ नोव्हेंबरचा लंडनचा ‘टाइम्स’ वाफेच्या छापयंत्रावर छापून निघाला, ताशी अकराशे प्रती. मेक्सिकोत होसे मारिया मोरेलोस या धर्मगुरूच्या नेतृत्वाखालील स्वातंत्र्यवाद्यांनी २२ ऑक्टोबर रोजी आपली राज्यघटना जाहीर केली. पुढच्या वर्षी स्पॅनिश सरकारने मोरेलोस यांना गोळ्या घातल्या. हिंदुस्थानात नोव्हेंबरमध्ये कंपनी सरकारने नेपाळविरुद्ध युद्ध पुकारले, तर पुण्यात बडोद्याचे गंगाधरशास्त्री पटवर्धन पेशव्यांशी हिशेबाची बोलणी करण्यास आले. त्या बोलण्यांचा शेवट १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांच्या खुनाने झाला आणि पेशवाईच्या शेवटाला तेथून वेग आला.

२४ ऑगस्ट रोजी इंग्रजांनी वॉशिंग्टन शहरातील राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान जाळले. डिसेंबरच्या २४ तारखेस, नाताळच्या आदल्या दिवशी, बेल्जियममधील गेंट येथे त्याच युद्धाचा तह झाला. परंतु बातमी समुद्रापार पोहोचण्यास आठवडे लागत. ८ जानेवारी १८१५ रोजी, तह होऊन पंधरवडा उलटल्यावर, न्यू ऑर्लिन्सजवळ दोन्ही बाजू लढल्या आणि इंग्रजांकडील शेकडो माणसे हकनाक मेली. आदल्या रात्री तेथील उर्सुलाईन धर्मभगिनींनी शहराच्या रक्षणासाठी जागरण करून पवित्र मरियेचा धावा केला होता, आणि त्याचे स्मरण तेथे आजही दर ८ जानेवारीस मिस्साबलिदानाने होते.

युरोपातील राजे आणि मंत्री सप्टेंबरपासून व्हिएन्नात जमू लागले. नेपोलियनने विस्कटलेला नकाशा पुन्हा मांडावयाचा होता. पोपतर्फे तेथे कार्डिनल कोन्साल्वी होते. त्यापूर्वी जूनमध्ये ते लंडनला जाऊन राजप्रतिनिधीस भेटले होते. इंग्लंडच्या दरबारी कार्डिनल दिसण्याची ही सोळाव्या शतकानंतरची पहिलीच वेळ. प्रॉटेस्टंट इंग्लंड व प्रशिया आणि ऑर्थोडॉक्स रशिया यांच्या संमतीने कोन्साल्वींनी पोपच्या राज्याचा बहुतेक भाग परत मिळवला. फ्रान्समधील आव्हिन्यों तेवढे गेले ते गेलेच. ही मुत्सद्देगिरी थोर खरी, पण त्या परत मिळालेल्या राज्यात सारेच भले झाले असे आम्ही म्हणणार नाही. फ्रेंच राजवटीत रोमच्या यहुदी रहिवाशांना मिळालेले नागरी हक्क पुन्हा काढून घेण्यात आले, आणि जुनी न्यायासनेही परत आली. ज्यांनी स्वतः कैद भोगली त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा करावी असे आजच्या वाचकास वाटेल, आणि ते वाटणे अयोग्य नाही.

नेपोलियन एल्बाहून १८१५ मध्ये निसटला आणि पोपना पुन्हा काही आठवडे रोम सोडून जेनोआस जावे लागले. वॉटर्लूनंतर मात्र सम्राटाची रवानगी सेंट हेलेना बेटावर झाली. त्याच्या वृद्ध आईला आणि मामा कार्डिनल फेश यांना युरोपात आसरा मिळाला तो रोममध्ये, पोप पायस सातवे यांच्या कृपेने. १८१७ मध्ये पोपनी कोन्साल्वींना पत्र लिहून इंग्लंडच्या राजप्रतिनिधीकडे बंदिवानाचे हाल कमी करण्याविषयी शब्द टाकण्यास सांगितले. फ्रान्समध्ये धर्माची पुनःस्थापना मुख्यतः याच माणसामुळे झाली, सावोना आणि फाँतेनब्लो या मनाच्या चुका होत्या, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८१९ मध्ये दोन धर्मगुरू सेंट हेलेनावर पोहोचले. ५ मे १८२१ रोजी नेपोलियन मरण पावला तेव्हा त्यांपैकी फादर विन्याली तेथेच होते, आणि अंतिम अभ्यंग त्यांनीच दिला.

येशूसंघीय आपल्या भागात परतले ते १८५० च्या दशकात, मुंबई आणि पुण्याच्या मिशनची जबाबदारी त्यांच्याकडे आली तेव्हा. १८६९ मध्ये मुंबईत त्यांचे कॉलेज सुरू झाले. त्याला नाव दिले गेले संत झेवियर यांचे.