मुक्कामी गाडी

संध्याकाळी बीडच्या बसस्थानकातून निघालेली एखादी एस. टी. मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटच्या पठारावरील लहानशा गावी पोहोचते. उतारू आपापल्या घरी जातात. गाडी मात्र परत फिरत नाही. ती रात्रभर गावातच उभी राहते. चालक व वाहक तेथेच जेवतात, तेथेच झोपतात. हिलाच लोक मुक्कामी गाडी किंवा वस्तीची गाडी म्हणतात.

गाडी रात्रभर गावात ठेवण्याचे प्रयोजन काय, असे तुम्ही विचाराल. गावातील एक कामगार बीडच्या वेशीबाहेर, कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात जातो, अशी कल्पना करा. त्याच्यापाशी स्वतःचे वाहन नाही आणि आठच्या ठोक्याला त्याला कामावर हजर व्हायचे आहे. गाडी जर पहाटे बीडहून निघाली, तर ती घाट चढून येईल रिकामी, डिझेल जाळील आणि कामगाराला उशीरही होईल. तीच गाडी गावात मुक्कामाला राहिली, तर एकही खेप फुकट जात नाही. रात्री ती माणसांना घरी आणते, सकाळी कामावर नेते. तिच्यातून कॉलेजचे विद्यार्थी जातात, दवाखान्यात निघालेले वृद्ध जातात.

बसस्थानकापासून कारखान्यापर्यंत पुन्हा पायी किंवा रिक्षाने जावे लागते. हा टप्पा सर्वांत लहान, परंतु कित्येकदा तोच अधिक कटकटीचा असतो.

रोज जाणाऱ्यांसाठी मासिक पास असतो. वीस दिवसांचे भाडे भरले, की तीस दिवस प्रवास करता येतो. समजा, जाण्यायेण्यास रोज ८० रुपये पडतात. पंचवीस दिवसांचे २,००० रुपये झाले असते. पासाला १,६०० पुरतात. वाचलेल्या चारशे रुपयांचे मोल गरिबाच्या घरात किती, हे निराळे सांगावयास नको. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना तिकिटाचे अर्धेच भाडे द्यावे लागते.

पुणे ते अहमदनगर ही पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजी धावली, तेव्हा बीड हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानात निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ सालीच २७ मोटारगाड्या सुरू केल्या होत्या. पुढे १९६१ मध्ये मराठवाड्याची बससेवा राज्याच्या परिवहन महामंडळात सामील झाली.

या गाडीवर माणसे किती विसंबून असतात, ते ती बंद पडल्यावरच कळते. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस, महामंडळ शासनात विलीन करावे या मागणीसाठी कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी खरी होती. पण खेड्यातील कामगाराच्या हातातला पासही निरुपयोगी झाला. कोणी जादा पैसे मोजून जीपमध्ये दाटीवाटीने बसले, कोणी दुचाकीस्वाराला हात केला.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वेगाडी आली. तिची वाट लोकांनी कित्येक वर्षे पाहिली होती. परंतु रुळांपासून दूर असलेल्या गावांत अजूनही झुंजूमुंजू होताच चालक तोंडावर पाणी मारतो, काचेवरचे दव पुसतो आणि इंजिन सुरू करतो. तो आवाज ऐकून डबा घेतलेली माणसे लगबगीने येतात. वाहक एकवार मागे पाहतो. कोणी धावत येत असल्यास क्षणभर थांबतो, आणि मगच दोनदा घंटी वाजवतो.