पाय टेकतात का जमिनीला?

बचत गटाच्या बैठकीत सही करताना आमच्या एका वहिनींच्या हातून पेन गळून पडलं. आम्ही हसलो. पुन्हा पडलं तेव्हा मात्र त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अगं, रात्री-अपरात्री उठून हात झटकत बसते मी. सोडूनच द्यावी म्हणते नोकरी."

वहिनी पतसंस्थेत चौदा वर्षं काम करतात. घरातली पक्की मिळकत तेवढीच. मुंग्या येतात त्या अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना, करंगळी ठणठणीत! डॉक्टर म्हणाले, मनगटातली नस दबतेय. मधुमेह, थायरॉईडमुळेही असं होतं, म्हणून रक्त तपासलं. त्यात काही निघालं नाही. रात्री बांधायला पट्टा दिला आणि विचारलं, "कामाला बसता कशा?"

हे काही वहिनींना सांगता येईना. आपण कशा बसतो हे आपल्याला कुठे दिसतं? म्हणून मीच एक दिवस जाऊन पाहिलं.

टेबल नेहमीचं, अडीच फुटी. वहिनी जेमतेम पाच फूट. पाठ टेकून बसल्या की पाय लोंबकळतात, म्हणून दिवसभर खुर्चीच्या कडेवर! कीबोर्ड उंचावर, त्यामुळे खांदे वर चढलेले आणि मनगटं टेबलाच्या धारेवर दुमडलेली. समोर ग्राहकांची खिडकी, म्हणून कॉम्प्युटर डावीकडे सरकवलेला. मान सारखी तिकडे. अहो, स्वयंपाकाचा ओटा बांधताना आपण गवंड्याला उभं राहून उंची दाखवतो, मग आठ तास जिथे बसायचं त्या टेबलाची चौकशी कोण करतं?

टेबल काही कापता येत नव्हतं. खुर्चीचा खटका होता, पण तो कुणी कधी वापरलाच नव्हता! खुर्ची इतकी वर घेतली की कोपर कीबोर्डच्या उंचीला आलं आणि मनगट सरळ राहिलं. पाय अधांतरी झाले, तर घरचा पाट आणून खाली ठेवला. कॉम्प्युटर समोर घेतला, हातभर अंतरावर. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यावी म्हणून खाली दोन जुनी रजिस्टरं. (दुहेरी नंबरचा चष्मा असेल तर मात्र स्क्रीन थोडा खालीच हवा, नाहीतर हनुवटी वर करून मान अवघडते.) आणि अर्ध्या तासाने दोन मिनिटं उठायचं. फाईल शिपायाकडून मागवायची नाही, आपणच आणायची.

तिथल्या बाकीच्या बायकांचं गाऱ्हाणं वेगळंच. ऑफिसचं नूतनीकरण झालं, काचा बसल्या, एसी आला आणि दुपारी डोकं जड, घसा कोरडा, डोळ्यांची चुरचुर सुरू. रविवारी सगळं गायब! इमारतीतून बाहेर पडलं की बरं वाटणं, या दुखण्याची जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकातच दखल घेतली होती. आपला भिंतीवरचा एसी बहुधा खोलीतलीच हवा गार करून फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. त्यात नवा रंग, प्लायवूडचा वास, दाराशेजारी झेरॉक्स मशीन आणि जुन्या फायलींची धूळ. आता सकाळी अर्धा तास आणि जेवणाच्या सुट्टीत खिडक्या उघडतात. झेरॉक्स मशीन व्हरांड्याकडच्या खोलीत गेलं.

एक गोष्ट मात्र बायका दबक्या आवाजातच बोलल्या. स्वच्छतागृहाची किल्ली शिपायाकडे. दर वेळी मागायची लाज, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही! एकीला वर्षात तीनदा उन्हाळी लागली, तपासणीत लघवीत जंतू निघाले. ऐकून माझा संतापच झाला. कर्मचाऱ्यांसाठी पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह ही महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातली तरतूद आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. आम्ही पाचजणी मॅनेजर साहेबांना भेटलो. साहेब ओशाळले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. किल्ली आता बायकांच्या टेबलाच्या खणात असते.

दोन महिने झाले. वहिनींच्या रात्रीच्या मुंग्या बऱ्याच कमी आहेत, पण बोटांत जोर अजून पुरता आलेला नाही. डॉक्टरांनी नसेची तपासणी करायला सांगितलंय, पुढच्या आठवड्यात जायचंय. राजीनामा लिहिला होता तो कागद त्यांनी फाडला. पाट मात्र परवा जागेवर नव्हता. शोधाशोध केली, तर कॅशियर बाईंच्या पायाखाली सापडला!