एकावर एक पावणेदोन पांडवकडे

ओवे गावच्या माणसाला उंची मोजायला टेप लागत नाही. शेजारच्या खारघरच्या डोंगरात पांडवकडा आहे, १०७ मीटरची धार. पावसाळ्यात लांबून पाहिली तरी पोटात गोळा येतो. आता डोळे मिटा आणि त्या कड्याच्या डोक्यावर आणखी एक पांडवकडा उभा करा. वरच्याचा शेंडा थोडा छाटा. उरली ती उंची १९५ मीटर. सौदी अरेबियात रियाधजवळच्या किद्दियाला 'फाल्कन्स फ्लाइट' नावाचा रोलर कोस्टर आहे, त्याची जाहीर झालेली उंची एवढी. पावणेदोन पांडवकडे! आणि तिथवर माणसं खुर्चीत बसून जातात, हौसेने, तिकीट काढून.

आजोबांच्या पिढीत विहीर परसात मोजायचे. एक परस म्हणजे पुरुषभर, धरू सहा फूट. पाच परस विहीर म्हणजे गावातली चांगली खोल विहीर, वाकून पाहायला लहान मुलांना बंदी असलेली. अशा एकवीस विहिरी एकाखाली एक जोडा, सगळ्यात खालच्या विहिरीच्या तळाशी बसा आणि वर बघा. आकाशाचा रुपयाएवढा तुकडाही दिसायचा नाही. तो कोस्टर या एकवीस विहिरींएवढा उंच आहे.

मला या आकड्यांचं वेड भाच्याने लावलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये या राईडची घोषणा झाली तेव्हा तो तिसरीत होता. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. वाळवंटात रुळांचा पहिला तुकडा उभा राहिला, कड्यावर खांब चढले, चाचणीची रिकामी गाडी पळाली, प्रत्येक वेळी तो धावत यायचा, "मामा, बघ ना!" पुढे पुढे मीच त्याला हाक मारायला लागलो. जगभरात अशी हजारो मुलं आणि मोठी माणसं या फोटोंवर डोळे लावून बसलेली असतात. रुळाचा रंग ठरला तरी त्यांचा दिवस साजरा होतो.

वेग तर पुढेच आहे. २५० किलोमीटर तासाला. द्रुतगती मार्गावर सपाटीला आपल्या गाडीला मुभा आहे १०० ची, त्याच्या अडीच पट. कळंबोली ते किवळे हा आख्खा द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. या वेगाने तो तेवीस मिनिटांत संपेल! डेक्कन क्वीन १९३० पासून मुंबई-पुणे धावते, १९२ किलोमीटर, तीन तासांहून जास्त वेळ घेते. तिला हा वेग दिला तर शेहेचाळीस मिनिटांत पुणं. कटलेटची ऑर्डर घेऊन माणूस परत येईपर्यंत शिवाजीनगर मागे पडलेलं असेल.

अजून बारीक करू. एका सेकंदात ६९ मीटर. बारा डब्यांची लोकल साधारण २६० मीटरची, म्हणजे मोटरमनच्या केबिनपासून गार्डच्या केबिनपर्यंत चार सेकंदांच्या आत. पापणी लवायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो म्हणतात. तेवढ्यात क्रिकेटची खेळपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पार! आमची बेलापूर-पेंधर मेट्रो अकरा स्थानकांची, ११.१ किलोमीटरची. न थांबता, याच वेगाने, दोन मिनिटं चाळीस सेकंद. बेलापूरला चढलेल्याने खिशातून मोबाइल काढेपर्यंत पेंधर आलेलं असेल. हे सगळं चुंबकं ढकलून करतात म्हणे. चुंबक माणसांनी भरलेली गाडी एवढ्या वेगाने कशी ढकलतं, ते अभियंत्यांवर सोपवू. आपण बसायचं आणि दांडा घट्ट धरायचा.

रुळाची लांबी सव्वाचार किलोमीटर. बारा डब्यांच्या सोळा लोकल एकीला एक चिकटवून उभ्या केल्या की होईल एवढी. त्यात सगळ्यात मोठी उडी १५८ मीटरची, म्हणजे एक आख्खा पांडवकडा आणि वर अर्धा. तिथून दगड नुसता सोडला तरी खाली यायला पावणेसहा सेकंद लागतील. "एक, दोन, तीन, चार, पाच" एवढं मोजून होतं आणि दगड अजून हवेतच असतो. भाच्याने मला गच्चीवर उभं करून हे मोजायला लावलं. पाच म्हणेपर्यंत माझा घसा कोरडा पडला होता.

आणि वाट? घोषणा २० ऑगस्ट २०१९ची, राईडचं उद्यान उघडलं ३१ डिसेंबर २०२५ला. दोन हजार तीनशे पंचवीस दिवस. मिनिटांत सांगायचं तर तेहेतीस लाखांवर मिनिटं. फेरी किती वेळाची? तीनेक मिनिटांची. एका मिनिटाच्या किंकाळीसाठी अकरा लाख मिनिटांची वाट! मधल्या काळात भाचा तिसरीतून नववीत गेला. मला ही वाट वाया गेलीसं अजिबात वाटत नाही. एवढ्या वर्षांत त्याने जेवढा भूगोल आणि जेवढं गणित या एका राईडपायी केलं, तेवढं दुसऱ्या कशानेही केलं नसतं.

पुढची रांगही लांब आहे. टेक्सासमध्ये 'टोरमेंटा' येतेय, २०२६ साठी जाहीर झालेली, ३०९ फूट. बावन्न परस. पांडवकड्याहून जेमतेम तेरा मीटर कमी, आणि उतार सरळ उभा, किंबहुना उभ्याच्याही थोडा आत वळलेला. इंग्लंडमध्ये बेडफर्डजवळ युनिव्हर्सलचं उद्यान २०३१ साठी ठरलंय. पहिल्याच वर्षी ८५ लाख माणसं येतील असा त्यांचा अंदाज. तिकडच्या लोकांनी या आकड्यावर तोंडात बोट घातलं. आपण मात्र इथे छाती फुगवू शकतो. मुंबईच्या लोकलने एका दिवसात सुमारे ७५ लाख माणसं जातात. बेडफर्डचं आख्खं वर्ष म्हणजे आपला एक सोमवार आणि वर मंगळवार सकाळची गर्दी!

आता पैसा. २०२५च्या मे महिन्यात ऑर्लँडोला 'एपिक युनिव्हर्स' उघडलं. खर्च सुमारे सात अब्ज डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ५९,५०० कोटी. कोटी म्हटलं की डोकं सुन्न होतं, म्हणून आपल्या मापाने जाऊ. नवी मुंबई विमानतळाचा पहिला टप्पा १९,६५० कोटींचा. असे तीन विमानतळ बांधा, तरी खिशात साडेपाचशे कोटी सुट्टे उरतात. खोपोलीजवळचं इमॅजिका सोळाशे कोटींच्या घरात उभं राहिलं. अशी छत्तीस-सदतीस इमॅजिका! जमीन ७५० एकर, म्हणजे तीस हजार गुंठे. जमीन गेल्यावर मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटसाठी पिढी घालवलेली इकडची माणसं एकेक गुंठा बोटांवर मोजतात. त्यांना तीस हजार गुंठे सांगून बघा, चहाचा कप हातातच राहतो.

अजून बसत नसेल डोक्यात, तर पाचशेच्या नोटा आणा. एकशे एकोणीस कोटी नोटा लागतील. नोटेची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी, कागदाला काय जाडी असणार! तरीही त्यांची थप्पी ओव्याच्या नाक्यावर आडवी ठेवत निघालात तर कळंबोली, पनवेल, खालापूर, बोरघाट, लोणावळा ओलांडून ती पुण्यात शिरेल. ११९ किलोमीटर, फक्त जाडीने! आता थप्पी मोडा आणि त्याच नोटा लांबीने एकीपुढे एक मांडा. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरलं तर जवळजवळ सहाशे वेळा जाऊन परत याल. पृथ्वीभोवती गुंडाळल्या तर साडेचार वेढ्यांच्या जवळ. चंद्राकडे सोडल्या तर निम्म्या वाटेच्या आसपास पोहोचतील. एका बागेसाठी!

आणि एपिक युनिव्हर्सच्या दुहेरी रुळांच्या मोठ्या कोस्टरची उंची किती? १३३ फूट. इमॅजिकाच्या 'नायट्रो' कोस्टरची उंची १३२ फूट, तोही २०१३ पासून. एक फुटाचा फरक. मग नोटा गेल्या कुठे? गेल्या थीमिंगमध्ये. रांगेत उभा माणूस १९२०च्या दशकातल्या पॅरिसच्या गल्लीत उभा आहे असं त्याला वाटावं म्हणून ती गल्ली आख्खी बांधली, खिडक्या-कमानींसकट. ड्रॅगनचं बेट केलं, राक्षसांचं गाव केलं, व्हिडिओ गेममधलं जग विटा-सिमेंटचं केलं. इमॅजिकानेही हेच आपल्या मापात केलंय. होडीत बसवून तुम्हाला राजासॉरसच्या तोंडापाशी नेतात, आणि राजासॉरस कुठल्या परदेशी सिनेमातून आणलेला नाही. नर्मदेच्या खोऱ्यात त्याची खरी हाडं सापडली, २००३ला त्याला नाव मिळालं. शेजारी 'मिस्टर इंडिया' आहे. आपल्या गोष्टी रुळावर बसतात हे बघून मला तरी पुण्यापर्यंतच्या थप्पीपेक्षा जास्त हरखायला होतं. आणि मनात येतं, पांडवकड्यावर, घाटातल्या धुक्यावर, गडावरच्या रात्रीवर कुणी राईड बांधली तर रांगेत पहिला उभा राहणारा मी.

भाच्याच्या वहीत सध्या दोन ओळी आहेत. पहिली: २०३१, बेडफर्ड, वय २०, पासपोर्ट. दुसरी: दिवाळीची सुट्टी, नायट्रो, मामा. ओव्यापासून पन्नासेक किलोमीटर. फाल्कन्स फ्लाइटच्या वेगाने बारा मिनिटं, आमच्या गाडीने सव्वा तास.