एमजीबी घेताना आधी पत्रा बघा

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. त्यामुळे गाडी मिळते आणि सुटे भागही मिळतात. १,७९८ सीसीचं इंजिन साधं, दणकट. त्याची फार धास्ती नको.

धास्ती गंजाची. या गाडीला वेगळी चासी नाही. दारांखालच्या पोकळ सिलवरच बराचसा भार असतो आणि त्या आतून सडल्या तरी वरचा रंग चकाचक राहू शकतो. गाडी जॅकवर उचलायला लावा आणि दार उघडून पाहा. दार अडकलं तर सौदा तिथेच सोडा. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवरून फिरवा; जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली असते. तारांची चाकं असतील तर हबचे दाते झिजून टोकदार झालेले नकोत.

१९७४ च्या अखेरीला अमेरिकी नियमांमुळे रबरी बंपर आले, गाडीची उंचीही वाढली. या गाड्या स्वस्त पडतात, पण वळणावरची खरी मजा आधीच्या क्रोम बंपरवालीत! शक्यतो ओव्हरड्राइव्ह असलेलीच घ्या. लांबच्या रस्त्यावर इंजिनाची घरघर उतरते, टप उघडं ठेवून गप्पा मारता येतात.

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. गाडी कारखान्यातून कोणत्या रंगात निघाली हे त्यावरून कळतं.