लोण्याचा रंग की मोरपंखी?

दिवाळीआधी रंग काढायचं ठरलं, की घरोघरी वाद सुरू होतात, हो ना? आमच्याकडे यंदा वाद झाला मधल्या खोलीवरून. खोली १० बाय १०, खिडकी एकच, तीही उत्तरेला. मला हवा होता लोण्यासारखा फिकट पिवळा, तर आमच्या ह्यांना मोरपंखी! "तुझा रंग म्हणजे तुमच्या शाळेचा वर्ग," असं म्हणून हे मोकळे.

शेवटी दोन्ही रंगांचे लहान डबे आणले. मैत्रिणींनो, कार्डावरचा बोटभर तुकडा पाहून कधीच फसू नका. भिंतीवर २ बाय २ फुटांचा चौकोन रंगवा, दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या. मग सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर असं तीनदा पाहा.

उत्तरेच्या खिडकीतून ऊन फारसं येत नाही, उजेड जरा निळसर असतो. गडद रंग तो उजेड गिळतो, फिकट रंग परत खोलीत टाकतो. मोरपंखी भरदुपारीही काळवंडलेला दिसला. रात्री पिवळ्या दिव्यात मात्र तोच खुलला, हे कबूल करायला हवं! शिवाय मुलांच्या तेलकट हातांचे डाग माझ्या रंगावर आधी दिसणार, हेही खरंच.

निकाल दिला तो सासूबाईंनी. वयानुसार डोळ्यांतलं भिंग पिवळसर होतं, आत उजेड कमी जातो. दोन्ही चौकोन आम्ही दाराशेजारीच काढले होते. त्या म्हणाल्या, "अगं, पिवळ्याशेजारी चौकट दिसते. त्या दुसऱ्यापाशी भिंत कुठं संपते, तेच कळत नाही." आमची चौकट गडद तपकिरी. गेल्याच महिन्यात रात्री उठताना तिच्यावर त्यांचा खांदा आपटला होता. आम्ही दोघंही गप्प झालो.

लोण्याचा रंग ठरला. पण त्यावर पांढरा स्विचबोर्ड त्यांना दिसेना. मग बोर्डाभोवती वीतभर पट्टा दिला, मोरपंखी! हेही खूश.

जाता जाता एक सांगते. घरगुती रंगांतल्या शिशावर २०१६ च्या नियमांनी दशलक्षात ९० भागांची मर्यादा घातली. त्याआधीच्या थरांत शिसं जास्त असू शकतं. म्हणून जुना रंग कोरडा घासू देऊ नका. भिंत ओली करून घासायला सांगा, आणि मुलांना तेवढे दिवस त्या खोलीपासून लांब ठेवा.

आणि हो, रंग ठरवण्याआधी त्या खोलीत सर्वांत जास्त वेळ कोण असतं, हे आधी विचारा. आम्ही ते सर्वांत शेवटी विचारलं.