ओबियाचं गुपित नेमकं कुणी ठेवलं?

‘ओबिया’ हा शब्द मराठी वाचकाच्या कानावर पडतो तो बहुधा एखाद्या इंग्रजी कादंबरीत किंवा भयपटात. जमैकातली रात्र, डोंगरातली झोपडी, कोंबडीची पिसं आणि परक्याला कदापि कळू द्यायचं नाही असं काहीतरी अघोरी. क्रिकेटमुळे किंग्स्टन आणि पोर्ट ऑफ स्पेन ही नावं आपल्याकडे रेडिओच्या काळापासून घराघरांत पोचली, पण तिथल्या माणसांच्या देवाधर्माबद्दलचं आपलं ज्ञान सिनेमाच्या पुढे फारसं सरकलं नाही. त्यातून एक समज पक्का झाला : हा एक गुप्त पंथ आहे, गुप्तता त्याने आफ्रिकेतूनच आणली आणि बाहेरच्या माणसाला तिथे थारा नाही. या वाक्यातल्या प्रत्येक तुकड्यात थोडं तथ्य आहे. सगळे तुकडे जोडून जे चित्र तयार होतं ते मात्र चुकीचं आहे.

पंथ? कसला पंथ?

ओबियाला देऊळ नाही, ठरलेला ग्रंथ नाही, पुजाऱ्यांची उतरंड नाही, सभासद तर नाहीतच. एक जाणकार असतो, ओबियामॅन किंवा ओबियावूमन, आणि त्याच्याकडे गाऱ्हाणं घेऊन येणारी माणसं असतात. ताप उतरत नाही, नवरा परांगदा झालाय, घरातले पैसे कुणी चोरले ते कळत नाही, कोर्टात तारीख आहे, घरात ‘डपी’चा म्हणजे मेलेल्या माणसाच्या आत्म्याचा वावर जाणवतो. जाणकार पाला-मुळ्या देतो, विशिष्ट पाण्याने अंघोळ सांगतो, जवळ बाळगायला एखादी वस्तू देतो आणि त्याचे पैसे घेतो. जमैकात आजही अशा माणसाला कुणी उघडपणे ओबियामॅन म्हणत नाही. ‘सायंटिस्ट’ किंवा ‘फोर-आय मॅन’ म्हणतात.

ब्राझीलचा कांदोंब्ले किंवा क्यूबाचा लुकुमी हे वेगळं प्रकरण आहे. तिथे घर असतं, घराची माता किंवा पिता असतो, दीक्षा असते आणि दीक्षेनंतरची वर्षं मोजली जातात. जमैकातही कुमिना आणि रिव्हायव्हल यांसारख्या सामूहिक उपासना आहेत. या सगळ्यांची मोट बांधून तिला ‘आफ्रिकी जादू’ असं नाव द्यायचं, ही सवय मळेवाल्यांची. ती आपण त्यांच्याच पुस्तकांतून उचलली.

राहिला काळ्या जादूचा मुद्दा. जेरोम हँडलर आणि केनेथ बिल्बी या अभ्यासकांनी जुनी साधनं धुंडाळून दाखवून दिलं की गुलाम माणसं ओबियाकडे मुख्यतः बरं होण्यासाठी आणि स्वतःच्या रक्षणासाठी जात. जुन्या दप्तरांत विष आणि शाप तेवढे दिसतात, कारण ती दप्तरं लिहिणारे मळेवाले आणि न्यायाधीश होते. बरा झालेला ताप कोर्टात जात नाही. तरी लगेच दुसऱ्या टोकाला जाऊन ओबियाला निव्वळ वनौषधी ठरवणंही खोटेपणाचंच. भीती होती, आणि ती काळ्या माणसांनाही होती. १८४१-४२ च्या सुमाराला जमैकात ‘मायल’ पंथाचे लोक गावोगाव फिरत पुरून ठेवलेला ओबिया उकरून काढत होते. तेही आफ्रिकी वंशाचेच होते.

गुप्तता आफ्रिकेतून आली की विधिमंडळातून?

१७६० च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुमारास, जमैकाच्या सेंट मेरी परगण्यात गुलामांचा उठाव झाला. पुढारी टॅकी. तो आणि त्याचे बरेच साथीदार गोल्ड कोस्टहून, म्हणजे आजच्या घानाच्या किनाऱ्यावरून, आणलेले होते. पोर्ट मारियाच्या किल्ल्यातून त्यांनी बंदुका आणि दारूगोळा काढून नेला आणि मळ्यांवर चालून गेले. उठावाआधी त्यांना शपथ घालणारे, गोळी लागू नये म्हणून अंगाला लावायला भुकटी देणारे ओबियामॅन त्यांच्यात होते. त्यातल्या एकाला पकडून फाशी दिलं. टॅकीला मरून सैनिकांपैकी एकाने गोळी घातली. मरून म्हणजे मळ्यांतून निसटून डोंगरात स्वतंत्र वस्ती केलेले लोक. तहानुसार त्यांना ब्रिटिशांच्या बाजूने लढावं लागत होतं. तरीही बेटाच्या पश्चिम भागात लढाई पुढच्या वर्षापर्यंत धुमसत राहिली.

एवढ्या माणसांना कटाचा पत्ता होता आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही, याचा मळेवाल्यांनी धसका घेतला. त्याच वर्षी जमैकाच्या विधिमंडळाने कायदा केला. त्यात गुलामांचं रात्री जमणं, ढोल आणि शिंगं वाजवणं, हत्यारं बाळगणं यांच्या जोडीला ओबियाचं नाव आलं. शिक्षा मृत्यूची किंवा बेटावरून हद्दपारीची. कोणत्या वस्तूंवरून ओबिया ओळखायचा, त्याची यादीच कायद्यात दिली होती : रक्त, पिसं, पोपटाच्या चोची, कुत्र्यांचे आणि मगरींचे दात, फुटक्या बाटल्या, थडग्यावरची माती, रम, अंड्यांची टरफलं. यातली निम्मी सामग्री कुठल्याही गरीब झोपडीच्या मागे सापडली असती.

म्हणजे बंडाच्या शपथेपुरती गुप्तता होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. कुठलं बंड दवंडी पिटून होतं? पण ताप उतरवणाऱ्या म्हातारीने आपली गाठोडी जमिनीत पुरून ठेवायला सुरुवात का केली, याचं उत्तर घानात नाही, या यादीत सापडतं.

त्या काळातली एक हकिगत तर विसरता येत नाही. ब्रिटिश सरकारकडे १७८९ मध्ये सादर झालेल्या अहवालात नोंद आहे की पकडलेल्या काही ओबियामॅनांवर विजेच्या यंत्रांचे आणि ‘मॅजिक लँटर्न’चे प्रयोग केले गेले. बहुतेकांवर परिणाम झाला नाही. एकाने पुष्कळ झटके खाल्ल्यावर कबूल केलं की धन्याचा ओबिया आपल्यापेक्षा भारी आहे. अहवाल लिहिणाऱ्यांना हा आपला विजय वाटला. त्या माणसाने परिस्थितीचं अचूक निदान केलं होतं, असं मला वाटतं.

१८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, १८३८ मध्ये प्रत्यक्षात माणसं मोकळी झाली. ओबियावरचा कायदा संपला नाही, त्याने फक्त सूर बदलला. पूर्वी ओबियामॅन खरोखर धोकादायक म्हणून गुन्हेगार होता. आता तो भोंदू म्हणून गुन्हेगार ठरला. जमैकाचा १८९८ चा ओबिया कायदा सांगतो की फसवणुकीसाठी, पैशासाठी किंवा कुणाला घाबरवण्यासाठी जो गूढ साधनं वापरतो, किंवा दैवी शक्ती असल्याचं नुसतं सोंग करतो, तो ओबिया करतो. शिक्षा बारा महिन्यांपर्यंत तुरुंग, वर फटके. ओबियाचं साहित्य जवळ सापडलं की संशय पक्का.

पुरावा कसा मिळवायचा? पोलीस साध्या वेशात गिऱ्हाईक होऊन जात. खोटं दुखणं सांगत, खुणा केलेली नाणी देत, आणि विधी संपला की तीच नाणी झडतीत काढून दाखवत. डायना पेटन या इतिहासकार बाईंनी अशा खटल्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. नवीन चेहऱ्याने दारात येऊन ‘मला मदत करा’ म्हणावं आणि तो शिपाई निघावा, अशा परिस्थितीत अनोळखी माणसासमोर तोंड बंद ठेवणं याला गूढविद्या म्हणत नाहीत.

इथे मराठी वाचकाच्या मनात प्रश्न येणार : मग आपला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही त्याच जातीचा का? नाही. आपल्या कायद्याच्या अनुसूचीत कृत्यं दिली आहेत. नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, साप चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखणं. तिथे यादीतलं ठरावीक कृत्य घडलेलं दाखवावं लागतं. जमैकाच्या कायद्याला पिसं आणि बाटली पुरत होती, आणि दैवी शक्तीचं नुसतं सोंग सिद्ध केलं तरी चालत होतं.

बाहेरचे लोक आत होतेच

ओबिया फक्त काळ्यांचा, ही समजूत कोर्टाच्या कागदांपुढे टिकत नाही. १८४५ पासून त्रिनिदादला गिरमिटिया म्हणून गेलेले भारतीय, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडचे, उसाच्या मळ्यांत आफ्रिकी वंशाच्या माणसांशेजारीच राहिले. त्यांच्यातही झाडपाला जाणणारे, मंत्र टाकणारे होते. त्यांच्याकडे दोन्हीकडची गिऱ्हाइकं येत आणि ओबियाच्या आरोपाखाली पकडलेल्यांत भारतीय नावंही आहेत. ब्रिटिश दंडाधिकाऱ्याच्या लेखी सगळे सारखेच.

ज्ञानही बाहेरून आत आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोचा विल्यम डीलॉरेन्स नावाचा गोरा प्रकाशक टपालाने तंत्रमंत्राची पुस्तकं विकत असे. कॅरिबियनमध्ये त्याची इतकी चलती झाली की जमैकाच्या सरकारला ती पुस्तकं बेटावर आणायला बंदी घालावी लागली. त्यातल्या एका जाडजूड ग्रंथाच्या नावात ‘हिंदू जादू’ आहे. आतला बराच मजकूर मात्र फ्रान्सिस बॅरेटच्या १८०१ सालच्या इंग्रजी पुस्तकातून उचललेला. म्हणजे आफ्रिकी गुपित म्हणून पोलिसांनी जप्त केलेली वस्तू लंडनच्या मजकुराची, शिकागोत छापलेली आणि हिंदू नावाने विकलेली असू शकत होती. आफ्रिकेची शुद्ध, न विटाळलेली विद्या शोधायला निघालेल्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

शपथबद्ध, खरोखर गुप्त अशा मंडळांतही रंगाची भिंत टिकली नाही. क्यूबात हवानाजवळच्या रेग्ला इथे १८३६ मध्ये आबाकुआ हे फक्त पुरुषांचं मंडळ उभं राहिलं. शपथ कडक, गाभ्यातला ढोल बाहेरच्याच्या नजरेला पडू द्यायचा नाही. १८६३ मध्ये आंद्रेस पेतित या त्यांच्याच एका वरिष्ठाने गोऱ्यांना दीक्षा दिली. काहींनी त्याला गद्दार म्हटलं. काहींचं म्हणणं पडलं की गोरे आत असल्यामुळेच मंडळ वाचलं. वाद मिटला नाही, पण दार उघडलं ते उघडलंच. ब्राझीलच्या कांदोंब्ले घरांनी तर बाहेरच्यांसाठी मानाची जागाच ठेवली : ‘ओगान’. वजनदार माणसाला हे पद द्यायचं. त्याने वेळप्रसंगी पोलिसांपुढे उभं राहायचं. साल्वादोरच्या गांतुआ घराचा ओगान असलेला डॉक्टर नीना रोद्रीगेस वंशश्रेष्ठतेच्या सिद्धांतांवर विश्वास ठेवणारा होता. घराला ते ठाऊक नव्हतं असं समजायचं कारण नाही. त्यांना ढाल हवी होती.

छापलं म्हणून फुटतं का?

बाहेरच्या लोकांचा एक समज असा, की गुपित म्हणजे दडवलेली माहिती; ती कुणी प्रसिद्ध केली की खेळ खलास. लिडिया काब्रेरा या क्यूबन लेखिकेने १९५४ मध्ये ‘एल मोंते’ हा ग्रंथ काढला. झाडं, देवता, उतारे, कथा, सगळं त्यात आलं, आणि तेही जाणकार वृद्धांनीच तिला सांगितलेलं. परंपरा बुडाली नाही. उलट साधक स्वतःच हा ग्रंथ संदर्भासाठी बाळगू लागले. भातखंड्यांनी बंदिशी छापल्या म्हणून घराण्याची तालीम संपली नाही, तसंच हे. पान वाचता येतं. ते करण्याचा अधिकार पानातून मिळत नाही.

मग बाहेरच्याने काय केलं की खरोखर दुखावतं? १९५१ मध्ये ‘पारी माच’ या फ्रेंच साप्ताहिकात चित्रपट दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लूझोचा ब्राझीलमधल्या बाहियाच्या कांदोंब्ले दीक्षाविधीवरचा सचित्र लेख आला. ब्राझीलच्या ‘ओ क्रुझेरो’ला आपण मागे पडलो असं वाटलं. त्यांचा छायाचित्रकार झोझे मेदेइरोस साल्वादोरच्या एका घरात पोचला आणि सप्टेंबरमध्ये मुंडण केलेल्या, रक्ताने माखलेल्या नवदीक्षित मुलींचे फोटो लाखो वाचकांपुढे आले, शीर्षकात ‘रक्तपिपासू देव’ असे शब्द घालून. साल्वादोरमध्ये संताप उसळला आणि फोटो काढू देणाऱ्या त्या घराच्या मातेवर सगळ्यांचा रोष ओढवला. त्या फोटोंतली माहिती फारशी नवी नव्हती. माणसाच्या सर्वांत उघड्या, अर्धवट शुद्धीतल्या क्षणाचा तमाशा झाला, हे खरं दुखणं होतं.

बाहियात कांदोंब्लेच्या घरांना विधीसाठी पोलिसांची परवानगी काढावी लागे, ती अट १९७६ मध्ये गेली. तिथले सार्वजनिक उत्सव आज कुणालाही बघता येतात. आतल्या खोलीत जाता येत नाही, आणि ते विचारूही नये. फ्लोरिडातल्या हायालिया शहरात लुकुमी मंडळींनी १९८७ मध्ये आपली उपासना उघड्यावर आणायचं ठरवलं तर नगर परिषदेने प्राणिबळीवर बंदी घातली. १९९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने रद्द केली. दडून राहणं सोडायला माणसं तयार होती; आडवा आला तो कायदा.

ओबियाच्या बाबतीत बार्बाडोसने १९९८ मध्ये आणि त्रिनिदादने २००० मध्ये आपापल्या कायद्यांतली कलमं काढून टाकली. जमैकाने १७६० च्या आधीच्या मरून लढ्याची नायिका नॅनी हिला राष्ट्रीय वीरांगना केलं, पाचशे डॉलरच्या नोटेवर तिचं चित्र छापलं. लोकपरंपरेत नॅनी ही मोठी ओबिया जाणणारी बाई. फटक्यांची शिक्षा त्या देशाने २०१० नंतर रद्द केली. १८९८ चा कायदा काढून टाकावा अशी भाषा २०१९ मध्ये तिथल्या न्यायमंत्र्यांनी केली, तिला विरोध झाला आणि कायदा राहिला. नॅनी आज जिवंत असती आणि कुणाला पाला देऊन तिने त्याचे पैसे घेतले असते, तर जमैकाच्या पोलिसांना तिच्यावर खटला भरता आला असता.