दूध डेअरीला की थेट रतीबाला? समजून घ्या हिशेब

संकलन केंद्रावर गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. प्रत घसरली की पैसे कापले जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात हा दर लिटरला २८ रुपये, वर ७ रुपये सरकारी अनुदान असा होता. शहरात पिशवी मात्र पन्नाशीच्या पुढे. म्हणूनच अनेक गोठे घरोघरी रतीब घालू लागलेत.

पण मधला सगळा फरक नफा नव्हे. बाटल्या, पेट्रोल, थंड साठवण आणि उधारी त्यातूनच भागवायची. शिवाय एफएसएसएआयची नोंदणी हवी. सुट्टीत ग्राहक गावी जातात, गाय मात्र दूध देतच राहते.

त्यामुळे डेअरीचं खातं एकदम बंद न करता थोड्या घरांपासून सुरुवात केलेली बरी. उरलेल्या दुधाचं दही, तूप करता येतं.

आणि ग्राहकांनो, गोठ्यातलं ताजं दूधही उकळूनच प्या.